अकरा नंबरचा पॉइंट

तोंडवलीला देवळात गाऱ्हाणं घालताना मीही सगळ्यांबरोबर ‘व्हय महाराजा’ म्हणायचे... ते फक्त आईने चिमटा काढू नये म्हणून. भूतखेत, देवचार, चकवा – कोणी विषय काढला की मी त्याची तिथल्या तिथे खिल्ली उडवायचे. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण इतकी वर्षं पोटात ठेवलं, आता ठेववत नाही. हसायचं तर हसा.

साल २००९. मी लाइटिंग डिझाइन करायचे. एलईडी तेव्हा नवीन होते, लोक म्हणायचे, “ह्या टिकल्यांचो काय उजेड पडतलो?” वैभववाडीला, घाट उतरून आलं की रस्त्याला लागूनच एका खासगी मालकाची शेड होती. तिथे ट्रक, डंपर, ट्रेलर यांचे ब्रेक तपासायचे. त्या शेडच्या दिव्यांचं काम मला मिळालं ते दादामुळे. माझा सख्खा मोठा भाऊ तिथे ब्रेक टेस्टिंगला होता. बाबांची होडी होती, तरी आईने त्याला कधी समुद्रावर जाऊ दिलं नाही. “जमिनीवर ऱ्हव, माझ्या जीवाक घोर नको,” एवढंच तिचं म्हणणं.

अशा शेडमध्ये खरी डोकेदुखी सावलीची. गाडीपाशी वाकलेल्या माणसाची स्वतःचीच सावली पडली, तर त्याला पाइपातली चीर दिसत नाही. म्हणून मी दोन्ही बाजूंनी तिरके दिवे लावले. मग भर दुपारी शटर ओढून, शेड रिकामी करून, फरशीवर खडूने पॉइंट आखले आणि लक्स मीटरने एकेका ठिकाणचा उजेड मोजत गेले. सगळीकडे तीनशेच्या आसपास. अकरा नंबरला एकशे नव्वद!

दिवे पुसले. दिवे बदलले. मालकाला फोन करून दुसरा मीटर मागवला. एकशे नव्वदच. जणू तिथे कोणीतरी उजेड अडवून उभं होतं... आणि माझ्या डोळ्यांना तर मोकळी फरशी दिसत होती. माझं डोकं असलं तापलं की मदतीला आलेल्या वायरमनवर उगाचच खेकसले. तो बिचारा धडपडत मीटरजवळून गेला, तर आकडा नव्वदवर आला. म्हणजे मीटर ठणठणीत होता.

तेवढ्यात दादा आला. “काय गो, मघापासून उकिडवी बसून काय शोधतंस?”

“बाजूक हो रे, उजेड अडवू नको!”

अडवू नको म्हटल्यावर तो अडवणारच. मुद्दाम अकरा नंबरवर जाऊन, कमरेवर हात ठेवून, पोट पुढे काढून उभा राहिला. मी ओरडायला तोंड उघडलं आणि मीटरकडे पाहिलं.

एकशे नव्वद.

त्याला बाजूला केलं – एकशे नव्वद. परत उभं केलं – एकशे नव्वद. वायरमनला उभं केलं – नव्वद. मी स्वतः उभी राहिले, नव्वद. फक्त दादा उभा राहिला की आकडा ढिम्म हलत नव्हता. त्याची सावली तिथे आधीपासूनच पडलेली होती, आणि तो आपला तिच्यात जाऊन उभा राहत होता.

“तुझो मीटर खुळो आसा,” म्हणून तो हसत चहाला गेला.

मी काय केलं सांगू? अकरा नंबरवर दोन दिवे जास्तीचे लावले. आकडा तीनशे झाला. रिपोर्टवर सही ठोकली. त्याला एक शब्द बोलले नाही. बोलायचं तरी काय, इंजिनिअर बाईने? पण मी नुसती रुसून ‘दादा, थंय उभो ऱ्हव नको’ म्हटलं असतं, तरी त्याने माझा हट्ट पुरवला असता हो. आयुष्यभर पुरवलाच की.

दीडेक महिन्याने, सकाळी अकराच्या सुमाराला, टेस्टिंगला लावलेला रिकामा ट्रेलर रोलरवरून सुटून मागे आला. दादा वाकून काहीतरी बघत होता. कुठे, ते लिहीत नाही.

तेराव्यानंतर मी एकटी मीटर घेऊन गेले. जास्तीचे दोन्ही दिवे बंद केले आणि मोजलं. तीनशे दोन. भरपूर, स्वच्छ, जसा मी कागदावर काढला होता तसाच उजेड. मी तिथेच फतकल मारून रडले.

त्यानंतर दादाचं नाव न काढता कितीजणांना त्या आकड्याबद्दल विचारलं. कॉलेजातले सर, मीटर बनवणारे, एक भटजीसुद्धा. दिव्यांचं काम मी सोडलं.

आई अजून आहे. जेवता जेवता हात थांबतो तिचा आणि मग ती मला विचारते, रागाने नाही, अगदी साधं विचारते, “गो, इतको उजेड केलंस तू थंय... मगे तुका कायच कसा दिसाक नाय?”

दिसलं होतं. हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.