इंजनाची नाव

शेजारच्या मळ्यात डिझेल इंजन सुरू झालं, की धुराच्या वासानं मला धरणाचं पाणी दिसतं. विहिरीवरचं इंजन मी स्वतः नावेत बसवलं होतं. भाऊ म्हणला, "दादा, वल्ही तरी असू दे." "इंजनाच्या नावेत वल्ही? लोक हसतील!" म्हणून मी ती गोठ्यात टाकली.

पुढं बायकोला साप चावला. धरणापल्याड औंढ्याच्या दवाखान्यात न्यायला तिला नावेत घेतलं, अन् पाण्याच्या मधोमध इंजन बंद पडलं. मी हँडल मारत राहिलो, हाताची साल निघाली. ती म्हणली, "अवो, दमलात. बसा की माझ्यापाशी."

मी बसलो न्हाई. इंजन लागलं तवर ती गेली होती. वल्ह्याचं चुकलं ते चुकलंच. पण तिनं जवळ बोलावलं अन् मी इंजनाकडंच तोंड करून राहिलो, ते सोसत न्हाई.