दायमाबादची पांढरी आणि माझा नारळ

मी, विश्वनाथ रखमाजी पालवे, वय वर्षे सत्त्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, व्यवसाय शेती, राहणार तिसगावच्या पुढील एका वाडीवर, तालुका पाथर्डी. समाजातील स्थान: पाणाडी, म्हणजे विहिरीची अथवा बोअरची जागा दाखवणारा. तळहातावर नारळ आडवा ठेवून मी शेतातून चालतो. जमिनीखाली पाणी असेल तेथे नारळ उभा राहतो. माझा नारळ उभा राहिला आणि पाणी लागले नाही, असे सांगणारा मनुष्य तीन तालुक्यांत अद्याप मला भेटलेला नाही. या कामाचे मी पैसे घेत नाही. नारळ यजमानाचा, आणि पाणी लागल्यावर एक टोपी. घरी टोप्यांनी भरलेली पेटी आहे. शपथेवर लिहून देतो की खालील हकीकत खरी आहे, आणि जेथे मी खोटे वागलो तेथे तसे नमूद केले आहे.

प्रवासाचे कारण असे. माझी नात कोमल नगरला राहून इतिहासात एम.ए. करते. तिला प्रकल्पासाठी विषय मिळाला, 'मानवी समाज आणि पर्यावरण: जगाचा इतिहास'. आम्हांला चौथीत 'माझी गाय' हा विषय मिळाला होता आणि तोसुद्धा एका पानात संपत नव्हता. सदर प्रकल्पासाठी तिला प्रवरेकाठच्या दायमाबादची छायाचित्रे हवी होती. तेथे हजारो वर्षांपूर्वी मोठे गाव होते आणि ते ओस पडले. त्याच सुमारास देवळाली प्रवरेचे माझे व्याही आप्पासाहेब यांचा निरोप आला की बोअरची जागा दाखवण्यास यावे. एका फेरीत दोन कामे होत होती.

तिसरे काम घरी वाट पाहत होते. आमचे चिरंजीव दत्तू यांनी मोसंबीची बाग लावण्याचे ठरवून सोमवारी बोअरची गाडी बोलावली होती. "शुक्रवारी जा, रविवारी या, सोमवारी जागा दावा," असा त्यांनी मला कार्यक्रम आखून दिला. आमचे शेत वाडीच्या सामाईक आडाच्या वरच्या अंगाला आहे. त्या शेतात पाणी कोठे आहे हे मला वयाच्या बाविसाव्या वर्षापासून ठाऊक आहे, आणि मी ते कोणासही दाखवलेले नाही. कारण त्या जागेखालचा झरा आणि आडाचा झरा एकच आहे, असे माझे मत आहे. या बाबतीत माझे मत चुकत नाही. मोसंबी वर प्यायली की वाडी खाली कोरडी पडणार. हे मी दत्तूस सांगितले. तो म्हणाला, "बापू, प्रत्येकजण बोअर मारतोय. आपन न्हाई मारला तर श्येजारचा मारंल." जगाचा इतिहास या एका वाक्यात आहे, हे मला पुढे राहुरीच्या अलीकडे समजले.

शुक्रवारी सकाळी सातच्या एसटीने तिसगावहून निघालो. पंच्याहत्तरीवरील मनुष्यास एसटीचा प्रवास फुकट आहे आणि स्त्रियांस अर्धे तिकीट. प्रवासेच्छू वाचकांनी आधारकार्ड सोबत ठेवावे. वाहकाने विचारले, "बाबा, पंच्याहत्तर पूर्ण का?" मी म्हणालो, "सत्त्याहत्तर. वरच्या दोन वर्षांचे काही परत मिळते काय?" तो म्हणाला, "खिडकी मिळंल." खिडकी मिळाली.

खिडकीतून करंजीचा घाट पाहिला. वृक्षारोपणाच्या पाट्या तेथे भरपूर असून त्या लावलेल्या झाडांपेक्षा उंच आहेत. बोकडांना पाटीच्या सावलीत उभे राहता येते, हा लाभ मान्य केला पाहिजे. नगरच्या स्थानकाबाहेर मिसळ सत्तर रुपये, पाव जादा मागितल्यास वाढपी डोळ्यांत पाहतो. चहा चांगला. कोमल तेथेच येऊन मिळाली.

नगर ते राहुरी रस्ता असा आहे की अंतर थोडे आणि वेळ पुष्कळ. त्या वेळात कोमलने मला मनुष्यजातीचा संपूर्ण इतिहास सांगितला. मनुष्याने प्रथम मोठी जनावरे संपवली. मग रान जाळून शेत केले. शेतातून नगरे झाली, नगरांसाठी जंगले गेली. दोन नद्यांच्या देशात, म्हणजे हल्लीच्या इराकात, पाट काढून इतके पाणी दिले की जमिनीवर मीठ फुटले, गहू येईना, तेव्हा लोक खारट जमीन सोसणाऱ्या जव या धान्यावर आले, आणि पुढे मोठमोठ्या नगरांच्या टेकड्या झाल्या.

मी सारांश केला, "म्हणजे मनुष्य येतो, झाड तोडतो, पाणी संपवतो आणि पुढील गावी जातो."

"आजोबा, एवढं सोपं नसतं. कारणं पुष्कळ असतात. काही लोकांनी हजारो वर्षं नीट सांभाळलंयही."

"त्यांची नावे सांग."

तिने वही उघडली. तेवढ्यात मोठा खड्डा आला आणि वही बाकाखाली गेली. राहुरी आली तेव्हा ती अद्याप बाकाखाली होती.

राहुरीहून देवळाली प्रवरेपर्यंत रिक्षाने गेलो. दोन्ही बाजूंना ऊस, मळीचा वास, आणि रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. आमच्याकडे पाहुण्यास पाणी देताना तांब्यात किती आहे हे पाहतात. येथे आप्पासाहेबांच्या बांधावरून पाणी आपले आपण वाहत होते, कोणास त्याची चौकशी नव्हती. जेवण उत्तम झाले. माझी कन्या सुमन त्या घरी सून आहे, तिने शेंगोळे केले होते. प्रवासवर्णनात तटस्थ असावे लागते, तरीही शेंगोळे उत्तम होते असे लिहितो.

दुपारी आप्पासाहेब शेत दाखवण्यास घेऊन गेले. नदीकडचा तुकडा पांढरा दिसत होता. मला वाटले, चुना टाकला असावा. बोट लावून जिभेवर ठेवले. मीठ.

"चोपण झालीय जमीन," आप्पासाहेब म्हणाले. "पानी लई झालं, बापू. वडलांच्या टायमाला हितं ऊस मानसाच्या दुप्पट व्हायचा. आता फुटवाच धरत न्हाई."

"आमच्याकडे गावोगाव प्यायला टँकर येतो," मी म्हणालो.

"ते बी वाईटच की." त्यांच्या मनात खरोखर सहानुभूती होती.

कोमलने त्यांना दोन नद्यांच्या देशाची हकीकत सांगितली. आप्पासाहेबांनी ती लक्षपूर्वक ऐकली आणि विचारले, "त्यांच्याकडं साखर कारखाना व्हता का?"

"नव्हता."

"मग! म्हनूनच बुडाले." थोडा विचार करून ते पुढे म्हणाले, "आनि त्यांनी पीक बदललं म्हनतीस ना? आमी बी उसाची जात बदलनार हाओत. बापू, तुमी फक्त ग्वाड पानी दावा. त्यानं मीठ धुऊन काढतो."

अति पाण्याने मेलेल्या जमिनीस आणखी पाणी पाजण्याचा हा उपाय ऐकून मी नारळ हातात घेतला. व्याह्यास नाही म्हणता येत नाही. "आप्पासाहेब, नारळ पाणी दाखवतो, चव दाखवत नाही," एवढे स्पष्ट करून चाललो. नारळ ओढ्याच्या कडेस उभा राहिला. टोपी त्यांनी पाणी लागण्यापूर्वीच दिली. मी ती घेतली, हेही नमूद करतो.

परत येताना उसाच्या फडाजवळ तोडणीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, होत्या. एका कोपीसमोर भाकरी थापत आमच्याच वाडीची तुळसाबाई बसली होती. दरवर्षी दसऱ्यानंतर ती नवऱ्याबरोबर कोयता घेऊन येथे येते. ज्या उसाने ही जमीन मीठ केली तो तोडण्यास माणसे आमच्याकडची लागतात, कारण आमच्याकडे पाणी नाही. ही व्यवस्था कोणी आखली ते कोमलच्या वहीत नाही.

"बापू! तुमी हिकडं कुनीकडं?" तुळसाबाईने पदर सावरला. "बसा, चा टाकते. आदी सांगा, आडाला पानी हाय ना?"

"आहे."

"सासू एकलीच हाय घरी. भरला हंडा उचलत न्हाई तिला, अर्दी कळशी आनती. टँकरामागं पळनं तिला व्हायाचं न्हाई. आड हाय म्हनून मी हितं यिऊ शकते." मग हसून म्हणाली, "पोरं बी हितंच बरोबर. म्हातारी तिकडं राखन करती. कशाची ते इचारू नका."

चहा घेतला. त्यात साखर पुष्कळ होती. साखरेस तेथे कमी नाही. सोमवारी आमच्या शेतात गाडी येणार आहे, हे मी तिला सांगितले नाही. सांगता आले असते.

शनिवारी सकाळी दायमाबादला निघालो. आप्पासाहेबांच्या मोटारसायकलवर कोमल पुढे, मी मागे. बेलापूरमार्गे जावे आणि पुढे विचारत जावे. विचारलेला प्रत्येक मनुष्य वेगळी दिशा दाखवतो, परंतु सर्व रस्ते उसातून जातात. उसात बिबट्या असतो, तेव्हा उतरून छायाचित्रे काढण्याचा मोह टाळावा. प्रवरेचे पात्र पुलावरून पाहिले. वाळू उपसून ठिकठिकाणी खड्डे झाले आहेत. नदी आहे की नदीसाठी सोडलेली जागा आहे, हे चटकन कळत नाही.

दायमाबाद येथे पाहण्यासारखे काय आहे? पांढऱ्या मातीची टेकाडे, वेड्या बाभळी, वारा. जुन्या गावठाणाच्या मातीस आपल्याकडे पांढरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख आणि भिंतींची माती तिच्यात असते. कालच मी मिठाची पांढरी पाहिली होती, आज माणसांची पाहिली. उभे राहून पाहता दोन्हींत फारसा फरक दिसत नाही.

शेळ्यांमागे एक शेतकरी आला. "काय बगायला आलाव? हितं काय न्हाई."

"तेच पाहावयास आलो आहे."

तो हसला आणि बांधावर बसला. "लोकं येत्यात, मातीत धन शोदत्यात. मागं एकाला खणताना धातूची जनावरं घावली हुती. हत्ती, रेडा, गेंडा, आनि बैलगाडी. सरकारनं न्येली."

"गेंडा?" मी विचारले.

"व्हय. पिंजऱ्यात बिबट्या घावला तरी आता पेपरात फोटू येतो, आनि त्या काळी हितं गेंडं हुतं म्हना की."

कोमल म्हणाली, ते गाव सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी सोडून गेले. पाऊस कमी होत गेला असावा, असे अभ्यासक म्हणतात. पायाखाली खापऱ्या विखुरल्या होत्या. मी एक उचलली. घागरीच्या गळ्याचा तुकडा होता, आत बोटांच्या रेषा उमटलेल्या. कायद्याने तेथून काही नेता येत नाही, म्हणून परत जागेवर ठेवली.

मग मला एक विचार आला. या गावातही कोणी पाणाडी असणार. नदी आटू लागली तेव्हा त्यास बोलावले असणार. त्याने जागा दाखवली. पाणी लागले. मान मिळाला. मग पुढील वर्षी त्याहून खोल जागा दाखवली. पुन्हा पाणी, पुन्हा मान. त्याचा नारळ, किंवा जे काही त्याच्या हातात असेल ते, शेवटपर्यंत उभे राहिले असणार. शेवटच्या दिवशी गाव निघाले, तेव्हा तो डोक्यावर चांगलेसे पागोटे बांधून सर्वांच्या पुढे चालला असणार. या टेकडीवर उभे राहून मला प्रथमच माझ्या पेटीतील टोप्या आठवल्या आणि बरे वाटले नाही.

कोमलने विचारले, "आजोबा, दमलात का?"

"नाही. छायाचित्रे काढ."

रविवारी कोमलसह त्याच मार्गाने वाडीवर परत आलो. त्याच वाहकाने मला तीच खिडकी दिली.

सोमवारी सकाळी गाडी शेतात उभी होती. तमिळनाडूची होती. तिचे चालक अण्णा यांनी जमिनीस नमस्कार केला, हे मला आवडले. वाडीवरील पंधरावीस मंडळी जमली होती. दत्तूने नारळ आणून दिला आणि म्हणाला, "बापू, झ्याक जागा दावा. पानी लागलं तर यंदा टोपी न्हाई, फेटा."

मी चाललो. जमीन मला ठाऊक होती. मुंग्यांचे वारूळ, हिरवे राहणारे गवत, जांभळीचे झुकलेले खोड, हे सर्व नारळाच्या आधी मला सांगते. नारळ ते लोकांस सांगतो. मनगट आणि नारळ यांच्यात काय बोलणे होते हा माझ्या व्यवसायाचा भाग आहे, तो येथे लिहिणार नाही. परंतु इतके लिहितो की त्या जागेवर मनगटाने उठू पाहिले, आणि मी त्यास उठू दिले नाही. नारळ आडवा राहिला. पंचावन्न वर्षांत मी केलेला हा पहिला खोटेपणा होय. एरवी तो उभा राहतो तेव्हा माझे काहीच जात नाही. आडवा ठेवण्यास फार बळ लागले.

शेताच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. नारळ दत्तूच्या हाती दिला.

"पाणी नाही," मी म्हणालो.

मागून एकजण म्हणाला, "बापू थकले आता." दुसरा म्हणाला, "थकले न्हाईत. बापूंचा नारळ कधी आडवा ऱ्हायलाय का? म्हंजे खरंच पानी न्हाई. फुकट भोक पाडू नको, दत्तू."

दत्तूने नारळ परत माझ्यापुढे धरला. "परत येकदा चाला, बापू."

"मी दोनदा चालत नाही."

हे मात्र खरे आहे. कधीच चाललो नाही. गाडी शेजारच्या गावी गेली. दत्तू दुसऱ्या दिवशी फक्त एवढे बोलला, "पानी शोदायचा मशीनवाला आनतो." आणील. मशीनला सासू नसते, आड नसतो, आणि खोटे बोलण्याची अक्कलही नसते. तोपर्यंत आड आहे. मी फार मोठे काही केले, असा माझा दावा नाही. दायमाबाद वाचवणे माझ्या हाती नव्हते, आप्पासाहेबांचा तुकडा मी नारळ दाखवून अधिकच बुडवला. एका मोसमापुरती अर्धी कळशी राहिली, एवढाच हिशेब.

हे लिखाण कोमल टंकलिखित करून इंटरनेटवर टाकणार आहे. दत्तू वाचील, संतापेल. संतापावे. जागा कोणती, हे मी लिहिलेले नाही. तीन तालुक्यांत आता माझ्याविषयी दोन मते आहेत, हे मला पहिल्यांदाच सोसावे लागत आहे. सवय नाही. आप्पासाहेबांची टोपी मी पेटीत ठेवलेली नाही. ती खुंटीवर आहे, परत पाठवीन.

वरील प्रसंगी समक्ष हजर असलेले साक्षीदार:

चि. दत्तात्रय विश्वनाथ पालवे, ज्याने नारळ पाहिला.

कु. कोमल, जिने माझे मनगट पाहिले.

गाडीचे अण्णा, ज्यांना मराठी येत नाही, परंतु निघताना त्यांनी पुन्हा जमिनीस नमस्कार केला.

आणि तुळसाबाईच्या सासूबाई यमुनाबाई, ज्या गर्दी पाहून आडाच्या वाटेवर क्षणभर थांबल्या होत्या, कमरेवर अर्धी कळशी घेऊन.