एकतिसावा तास

मिस्त्रीला बोटीवर सगळे मिस्त्रीच म्हणत. घरी बायको "अहो" म्हणे आणि बायकोचा धाकटा भाऊ "दाजी". हा धाकटा भाऊच फेरीबोटीचा सारंग होता. म्हणजे वर सुकाणूवर मेहुणा, खाली इंजिनापाशी दाजी आणि दोघांच्या मध्ये एक पितळी नळी. मेहुण्याने वरून नळीत तोंड घालून "वाढवा" म्हणायचं आणि मिस्त्रीने खाली डिझेलचा दांडा पुढे ढकलायचा. एकोणीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

आठ महिन्यांपूर्वी भर नदीत इंजिनाच्या पोटात एकच दणका झाला आणि सगळं गप्प झालं. क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य आसाचे, दोन तुकडे. बोट प्रवाहाबरोबर वाहत गेली आणि खालच्या पुलाच्या खांबावर आपटली. कठडा तुटला, एका मोटारीची काच फुटली आणि रोज पलीकडच्या बाजारात जाणाऱ्या टेलरीणबाईंचं मनगट मोडलं. एवढ्यावर निभावलं, असं सगळे म्हणाले. चौकशीत मेहुण्याने लिहून दिलं, की मिस्त्रीच्या कामात कसूर नाही, क्रँकच्या लोखंडातच दोष होता. मिस्त्रीलाही तसंच वाटत होतं. निदान तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

नवीन इंजिन आलं ते उघडंबोडकं. पाण्याचा पंप, पुल्या, पुढचा डॅम्पर, सगळं जुन्याचं काढून नव्याला लावायचं होतं. मिस्त्रीने एकेक वस्तू रॉकेलने धुतली, रंगवली, बसवली. पहिल्यांदा चालू करायच्या दिवशी तर त्याने डिझेल बंद ठेवून नुसत्या स्टार्टरवर इंजिन फिरवलं, ऑइल प्रेशरचा काटा जागचा हलेपर्यंत. पहिले पन्नास तास फार जपायचे असतात. पूर्ण जोर लावायचा नाही, पण तासन्‌तास नुसतं घुटघुटतही ठेवायचं नाही, नाहीतर सिलिंडर आतून काचेसारखं गुळगुळीत होतं आणि इंजिन जन्मभर तेल पितं, निळा धूर ओकतं. थोडं वाढवायचं, थोडं कमी करायचं, दहा तासांनी तेल बदलायचं. काट्यावर मिनिटाला तेराशे फेऱ्यांच्या वर जायचं नाही, असं त्याने स्वतःपुरतं ठरवून टाकलं.

बायको म्हणाली, "माझ्या दोन बाळंतपणांत मिळून एवढी काळजी नव्हती घेतलीत."

"तुझ्या वेळी तुझी आई होती," मिस्त्री म्हणाला. "याला कोण आहे?"

लोक मात्र कुरकुरायला लागले होते. पंधरा मिनिटांच्या फेरीला पंचवीस मिनिटं लागत. शिव्या मेहुण्याला खाव्या लागत आणि त्या तो नळीतून खाली पोचवी.

एकतिसाव्या तासाला, सकाळी दहाच्या फेरीत, बोट काठोकाठ भरली होती. सिमेंटचा एक ट्रक, दोन मोटारी, एक ट्रॅक्टर आणि साठेक माणसं. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं होतं. पात्राच्या मध्यावर आल्यावर नळीतून आवाज आला, "दाजी, पाण्याला ओढ आहे. बोट खाली सरकतेय. वाढवा."

मिस्त्रीने दांडा पुढे सरकवला. तेराशे. साडेतेराशे. चौदाशेला काटा पोचला आणि त्याच्या तळपायांना काहीतरी कळलं.

आवाज बदलला नव्हता, धूर नव्हता. पायाखालच्या पत्र्यातून एक बारीक कापरं वर येत होतं, दात शिवशिवावेत तसं. दांडा जरा मागे घेतला, कापरं गेलं. पुन्हा पुढे केला, पुन्हा आलं. नेमकं चौदाशेला.

हे कापरं त्याच्या ओळखीचं होतं. जुन्या इंजिनाला दोन वर्षं हेच व्हायचं. तेव्हा तो हसून म्हणायचा, म्हातारीला थंडी वाजतेय. पुढे त्याची इतकी सवय झाली, की ते जाणवायचंच बंद झालं होतं. पण हे इंजिन तर नवीन. मग जुन्यातून नव्यात काय आलं?

इंजिनाच्या पुढच्या टोकाला रंग दिलेलं ते जड चाक गरगरत होतं. डॅम्पर. दोन लोखंडी कड्यांच्या मध्ये रबर दाबून बसवलेलं. सिलिंडरमधला दर दणका क्रँकला किंचित पिळतो आणि तो पीळ जिरवायचं काम या चाकाचं. ते मेलं, की पीळ क्रँकलाच सोसावा लागतो, आणि एका ठराविक गतीला तो सगळ्यात जास्त असतो.

त्याने दांडा बाराशेवर आणला.

"काय करताय?" नळीतून मेहुणा ओरडला. "वाढवा म्हणालो मी."

"नाही वाढवणार."

"दाजी, आपण पुलाच्या खांबावर चाललोय."

"चौदाशेवर ठेवलं तर क्रँक जाईल. पुन्हा."

नळीतून वर कुणाचं तरी मूल रडताना ऐकू आलं.

"झटक्यात सोळाशेवर न्या. मधलं टाळून."

हा विचार मिस्त्रीनेही केला होता. एक-दोन सेकंदांत चौदाशे ओलांडून जाता येतं. पण पुढे, नव्या इंजिनावर, भरल्या बोटीने, सोळाशेवर टिकून राहायचं, आणि काठ आल्यावर उतरताना पुन्हा चौदाशेतूनच यायचं. त्या चाकात किती जीव उरलाय ते त्याला दिसत नव्हतं.

"बाराशेवर सुकाणू धरतंय का?" त्याने विचारलं.

"धरतंय. पण प्रवाह कापत नाही."

"मग कापू नकोस. तोंड वरच्या अंगाला ठेव आणि पुलाच्या मधल्या दोन खांबांमधून मागे मागे सोड. पुलाखालून निघून वाळूच्या उताराला लाव."

"उलटं? साठ माणसं घेऊन?"

"इंजिन चालू आहे तोवर बोट तुझ्या हातात आहे. बंद पडलं तर नदीच्या."

मिस्त्रीला नळीतून मेहुण्याने सुकाणूचं चाक फिरवल्याची करकर ऐकू आली.

इंजिनाच्या खोलीला ताटाएवढी एकच खिडकी होती आणि तिच्यातून पाण्याशिवाय काही दिसत नसे. मिस्त्रीचा डावा हात दांड्यावर, उजवा इंजिनाच्या अंगावर, डोळे काट्यावर. "पन्नास कमी करा," वरून आवाज आला. त्याने केले. "द्या आता." त्याने दिले, पण बाराशेच्या पुढे केसभरही नाही. घाम डोळ्यांत जात होता, तो पुसायलाही हात मोकळा नव्हता. मग खोलीत एकदम अंधारून आलं. पुलाची सावली. खिडकीतून खांबाचा शेवाळलेला दगड सरकत गेला, इतका जवळून की त्यात रुतलेली फांदी दिसली. सावली सरली. खिडकीत पुन्हा पिवळट पाणी आलं.

दहा मिनिटांनी बोटीचा तळ वाळूला घासला.

वर फळी टाकून माणसं उतरत होती तेव्हा मिस्त्रीने इंजिन बंद केलं आणि टॉर्च घेऊन डॅम्परपाशी बसला. दोन्ही कड्यांवर समोरासमोर खुणा असतात. त्या बोटभर सरकल्या होत्या. त्याने पान्याने बाहेरचं कडं दाबलं आणि फटीतून रबराचा काळा भुगा पडला. रंगाखाली हे सगळं झाकलं गेलं होतं. झाकणारा तोच.

तो वर गेला. मेहुणा सुकाणूला टेकून उभा होता, शर्ट पाठीला चिकटलेला. मिस्त्रीने मूठ उघडून भुगा दाखवला.

"लोखंडात दोष नव्हता," तो म्हणाला. "तेव्हाही हेच होतं. दोन वर्षं बोट थरथरत होती आणि मी हसत होतो. वर हेच नव्याला बसवलं."

मेहुण्याने चिमटीत भुगा घेऊन चुरडला. "मी सही केलीय, दाजी."

"माहीत आहे."

"आता नवीन चाक आणा आणि बसवा. विषय संपला."

"मी ऑफिसला कळवणार आहे."

"म्हणजे मला खोटं पाडणार."

मिस्त्रीने त्याच दिवशी अर्ज लिहिला आणि स्वतः नेऊन दिला.

नवीन डॅम्पर चार दिवसांनी आला. उरलेले एकोणीस तास मिस्त्रीनेच पुरे केले. पन्नासाव्या तासानंतर हात इंजिनावर ठेवून त्याने काटा चौदाशेतून नेला, परत आणला, पुन्हा नेला. काही नाही. पायाखालचा पत्रा निवांत होता. या दिवसांत नळीतून फक्त आकडे यायचे. बहिणीकडे येणंही मेहुण्याने बंद केलं. मिस्त्री बायकोपाशी बोलला तेव्हा ती म्हणाली, "थोडा वेळ द्या त्याला. तुम्हालाच खरं दिसायला आठ महिने लागले."

मग ऑफिसचा हुकूम आला. दोघांनाही ताकीद, आणि मिस्त्रीला तीन महिने बोटीवरून काढून वर्कशॉपमध्ये.

वर्कशॉपला जायच्या आदल्या दिवशी तो टेलरीणबाईंच्या दुकानात गेला. त्यांचं उजवं मनगट अजून पुरतं वळत नव्हतं, कात्री मुलगी चालवत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "हे मला न सांगता चाललं असतं."

"हो."

"रोज त्याच बोटीने जायचं असतं मला," त्या म्हणाल्या. "मी कठड्यापाशी उभी राहत नाही अजून." आणि त्यांनी मुलीला पुढचं कापड दाखवलं. त्यांनी त्याला बसायला सांगितलं नाही. त्यालाही तशी अपेक्षा नव्हती.

वर्कशॉपमध्ये पाचवा आठवडा चालू होता. मिस्त्री एक पंप खोलून बसला होता, तेव्हा दारात मेहुणा उभा दिसला. आत येऊन त्याने भिंतीवरचा एक पाना काढला आणि परत अडकवला.

"तुमच्या जागी आलाय ना," तो म्हणाला, "तो रोज सकाळी अर्धा तास इंजिन नुसतं घुटघुटत ठेवतो. गरम करतो म्हणे. मी सांगितलं तर ऐकत नाही, म्हणतो सारंगाला इंजिनातलं काय कळतं."

"धूर कसा आहे?"

"निळसर वाटतो."

मिस्त्रीने हात चिंध्यांना पुसले. "किती वाजता चालू करतो?"

"सातला."

"येतो उद्या सातला."

मेहुण्याने मान हलवली, पण निघाला नाही. बाजूचं स्टूल ओढून तो बसला आणि उघड्या पंपाकडे बोट दाखवत म्हणाला, "याला काय झालंय?"