दोघांची क्रमवारी

काल एक लग्नपत्रिका आली. तिच्या कोपऱ्यांवरच्या हळदीकुंकवाचा वास घेतला आणि मी मनाने थेट लहानपणीच्या, सुदामा नगरातल्या आमच्या गॅलरीत जाऊन बसले.

बाबांनी जुन्या पत्रिका कापून शोगीचे, म्हणजे जपानी बुद्धिबळाचे, मोहरे केले होते. बाबांच्या राजाच्या पाठीवर कुंकवाचा डाग होता. आख्ख्या ओळखीत खेळणारे आम्ही दोघंच, तरी जपानबाहेरचे क्लब ठेवतात तसं रेटिंग बाबांना हवंच होतं. सुरुवातीला दोघांना हजार-हजार गुण. मग प्रत्येक डावात हरणाऱ्याचे थोडे गुण जिंकणाऱ्याला मिळायचे. भिंतीवरच्या यादीत दोनच नावं.

एका दुपारी बाबांनी माझं नाव पहिल्यांदा वर लिहिलं आणि मला रडू फुटलं. "तुमचे कमी झाले ना, बाबा."

"कम कुठे झाले, बेटा? तुझ्याकडेच तर आले. घरातच आहेत ना."

तेव्हा वाटलं, नुसती समजूत घालताहेत.

बाबा गेले. आता मोबाइलवर जगभरातले लोक शोगी खेळायला भेटतात. डाव सुरू होताना विचारतात, रेटिंगसाठी खेळायचं का? मी दरवेळी 'नाही' दाबते. बाबांचे गुण घराबाहेर जाऊ द्यायचे नाहीत मला.