कुंडलिकआबांचा अंगठा

कुंडलिकआबांनी जुन्नर-आंबेगावच्या घाटांत, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्यांवर, अठ्ठावीस वर्षं घड्याळ धरलं. बैलगाड्याच्या शर्यतीत एका वेळी एकच गाडा पळतो, त्याला बारी म्हणतात, आणि बारी किती सेकंदांची ते घड्याळवाला सांगणार. निशाण पडलं की अंगठा, रेघ ओलांडली की अंगठा. एवढंच काम. पण एवढ्याशा कामात माणूस किती नातेवाईक गमावू शकतो ते आबांना विचारा. सख्खा मेहुणा सावळेराम. बारी बारा सेकंदांत बसली तरच त्याच्या बैलांचा नंबर लागणार होता आणि आबांनी माईकवरून जाहीर केलं, बारा सेकंद आठ. आठ कसले, तर सेकंदाच्या शंभर भागांतले आठ! मेहुणा तीन वर्षं बोलला नाही आणि आबांच्या बायकोच्या, झुंबरबाईंच्या, तीन दिवाळ्या माहेराविना गेल्या. आबांना मात्र याचा कोण अभिमान! पाहुणा आला की चहाच्या आधी हीच गोष्ट.

पुढं घाटात वेळ मोजायला सेन्सर आले. कमिटीनं आबांना शाल दिली, नारळ दिला आणि घरी बसवलं. त्याला सत्कार म्हणायची पद्धत आहे.

आबांच्या पोरानं, ऋषीनं, हायवेला गॅरेज टाकलं होतं, पाटी 'ऋषी परफॉर्मन्स'. धंदा काय, तर चांगल्या चालणाऱ्या गाड्या आणखी चांगल्या करणं. लॅपटॉप जोडून इंजिनाचं सेटिंग बदलायचं, हवेचा डबा काढून उघडा फिल्टर बसवायचा, सायलेन्सरचा पाइप रुंद करायचा. स्वतःच्या डिझेल गाडीवर हे सगळं करून तो पुण्याला डायनोवर जाऊन आला. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले रोलर. गाडी त्यावर चढवायची, पट्ट्यांनी आवळायची आणि जागच्या जागी पळवायची. कागद निघाला: आधी नव्वद हॉर्सपॉवर, आता एकशे वीस. कागदाला लगेच काचेची फ्रेम झाली. गॅरेजात देवाचा फोटो खाली आणि हा वर.

"पळाली किती?" आबांनी विचारलं.

"आबा, डायनोवर पळत न्हाई. जागेवरच असते."

"आन् तू ती जोरात पळाली म्हणून पेढं वाटलं?"

ऋषीनं समजावलं. रस्त्यावर वारा असतो, चढ असतो, टायर घसरतो, चालवणारा गिअर उशिरा टाकतो. डायनोवर ही लफडी नाहीत, म्हणून इंजिनाचा खरा जोर कळतो.

"म्हंजे वारा नको, चढ नको, माती नको, माणूस नको," आबा म्हणाले. "मग गाडी तरी कशाला पायजे? कागदच चालव की!"

ही चेष्टा घरातच राहिली असती. पण सोपानशेठनं गॅरेजात येऊन तो कागद वाचला. सोपानशेठ म्हणजे नामांकित गाडामालक, आणि त्याच्याकडं याच मॉडेलची गाडी, कंपनीतून आली तशीच. "मला सेकंद सांग रं," तो म्हणाला. "चारशे मीटरची बारी लावू. तू जिंकलास तर माझी गाडी तुझी. हरलास तर ही पाटी खाली. आन् घड्याळ आबांच्या हातात, राव. ते सख्ख्या मेहुण्याला सोडत न्हाईत, पोराला काय सोडतील!"

आबांची छाती अशी फुगली की पोराची पाटी पणाला लागली हे त्यांना घरी पोचल्यावर आठवलं.

जागा ठरली ती गावाबाहेरचं प्लॉटिंग. कमान आहे, कारंजं आहे, सरळसोट डांबरी रस्ता आहे. फक्त घर एकही नाही. मालकानं हसत परवानगी दिली. तेवढीच वर्दळ.

रविवारी सकाळी टेप लावून अंतर मोजलं, चुन्यानं रेघा मारल्या. सोपानशेठची बारी आधी झाली. आबांनी घड्याळ डोळ्यांपुढं धरून सांगितलं, "अठरा सेकंद एकवीस."

ऋषीचा चेहरा खुलला. शनिवारीच त्यानं इथं गुपचूप बारी घेतली होती आणि फोनच्या जीपीएसवर सतरा पस्तीस आले होते. जिंकल्यातच जमा! तो बॉनेट उघडून लोकांना फिल्टर दाखवायला लागला. तेवढ्यात झुंबरबाई पुढं आल्या. बारीआधी बैलांवर भंडारा उधळायचा ही रीत, आणि लेकाच्या गाडीला कुणी भंडारा टाकला नाही हे त्या माउलीच्या जिवाला लागलेलं. त्यांनी भैरवनाथाचं नाव घेतलं आणि अख्खी पिशवी इंजिनावर पालथी केली. त्यातला निम्मा भंडारा त्या उघड्या फिल्टरवर गेला.

"आये!" ऋषी ओरडला.

"आसू दे रं, पिवळं दिसतंय झ्याक," झुंबरबाई म्हणाल्या.

आईला बोलणार काय? त्यानं फडक्यानं झटकलं, तेवढा आणखी आत गेला. लोक निशाणासाठी ओरडत होते. तो आत बसला.

निशाण पडलं. शंभर मीटरवर गाडीनं काळा धूर ओकला, दोनशेवर तिला दम लागला. इंजिनाचा श्वासच कोंडला होता. डायनोवाल्यांनी वारा, चढ, माणूस सगळं वगळलं होतं. आई वगळायची राहून गेली होती.

शेवटच्या रेघेपाशी आबा उभे होते. त्यांना घड्याळ बघायची गरज नव्हती. अठराच्या आत ही येत नाही हे त्यांना आवाजावरूनच कळलं. काचेमागं पोराचं तोंड दिसलं. लहानपणी ताप भरला की व्हायचं, तसंच पांढरं. गाडी रेघेपासून चांगली तीस-पस्तीस पावलं अलीकडं होती, आणि आबांचा अंगठा दाबला गेला.

"सतरा सेकंद नव्वद!"

शिट्ट्या वाजल्या. सोपानशेठनं टोपी काढली. "आबांनी सांगितलं म्हंजे झालं. उद्यापासून गाडी तुमची."

ऋषी खाली उतरला. त्याच्या हातात फोन होता. तो फोनकडं बघत राहिला, मग बापाकडं. आबांनी नजर वळवली. तेवढ्यावरून त्याला सगळं कळलं. बोल बाबा काहीतरी, नाहीतर गप्प तरी बस, असं आबांना झालं.

"शेठ, अठरा त्र्याण्णव झालेत," ऋषी मोठ्यानं म्हणाला. "फोनवर हाय, बघा. आबांचा अंगठा आधी पडला. वय झालं त्यांचं, लांबचं नीट दिसत न्हाई. पाटी मी संध्याकाळी उतरवतो."

सगळे आबांकडं बघायला लागले. कुणाच्या मनात लबाडीची शंकासुद्धा आली नाही, इतका त्यांच्यावर विश्वास. सोपानशेठनं तर खांद्यावर हात ठेवला. "असू द्या आबा. डोळं कधीतरी दगा देणारच."

ज्यांनी सख्ख्या मेहुण्याला शंभरातले आठ सोडले नव्हते, त्या आबांनी घड्याळ बंडीच्या खिशात टाकलं.

"व्हय," ते म्हणाले. "दिसत न्हाई आता."