एक जूनची माणसं

गंगाखेडच्या वैजनाथ घुलेला पुण्यात येऊन वर्षही झालं नव्हतं, तोवर गावाने त्याला ॲक्चुअरी करून टाकलं. तो होता ट्रेनी, आणि ॲक्चुअरी होण्याच्या लांबलचक परीक्षांपैकी पहिल्याच पेपरात एकदा आपटलेला. पण एवढा बारकावा गावाला कोण सांगणार? दशरथ गुरुजींचा पोरगा विमा कंपन्यांसाठी माणूस किती जगेल याचं गणित करतो, एवढं कळल्यावर दिवाळीत चार म्हातारे पत्रिका घेऊन ओट्यावर हजर झाले.

"काका, एकट्या माणसाचं नाही सांगता येत. लाख माणसांचं सांगता येतं."

"मग लाख माणसं घिऊन येऊ का?"

इकडे कर्वेनगरात तो कॉट बेसिसवर, म्हणजे भाड्याच्या एका खाटेपुरता, राहायचा आणि येरवड्याच्या काचेच्या इमारतीत कामाला जायचा. बसमध्ये सूत्रं घोकताना त्याचे ओठ हलायचे. पोरगा रामरक्षा म्हणतोय असं समजून एका आजींनी त्याला सरकून जागा दिली. तेव्हापासून तो त्याच बसने, जरा जास्तच भक्तिभावाने ओठ हलवत जायचा.

पेपर पुन्हा जूनअखेरीला होता. मागच्या खेपेला नोकरी सांभाळून अभ्यास केला आणि तोंडावर पडला. या वेळी पंधरा दिवसांची अभ्यासाची रजा मिळाली तरच काही आशा होती. ती रजा सलिल सरांच्या सहीत अडकलेली.

"पहिलं स्वतंत्र काम नीट करून दाखव," सर म्हणाले, "मग बघू."

काम असं, की खेड्यापाड्यांतल्या विमाधारकांची माहिती तपासायची आणि चुका बाजूला काढायच्या.

"तांदूळ निवडायचे रे," तनया म्हणाली. ती सदाशिव पेठेतली, त्याच्याहून दोन वर्षं सीनियर. तिचे तीन पेपर सुटले होते आणि ते ती कुणाला विसरू द्यायची नाही. "खडे काढ. तांदूळ फेकू नकोस."

वैजनाथला खडे नाहीत, अख्खी खाण सापडली. जन्मतारखांचा आलेख काढला तर वर्षभर सपाट माळ आणि एक जूनवर मोबाइलचा टॉवर! इतकी माणसं एकाच तारखेला कशी जन्मतील? तो खुर्चीतल्या खुर्चीत गरकन फिरला. कुणीतरी एजंटाने घरबसल्या माणसं जन्माला घातली होती, आणि त्याला पकडला कुणी? गंगाखेडच्या वाघाने! त्याने एक जूनवाले सगळेच्या सगळे उडवले आणि अहवालात मथळा दिला, 'काल्पनिक व्यक्ती'.

मीटिंगमध्ये तो असा रंगला की सलिल सरांनी चहा ढवळायचा थांबवला. "इंटरेस्टिंग," सर म्हणाले. वैजनाथला रजा समोर दिसायला लागली.

तेवढ्यात दार ढकलून एचआरच्या हेमा मॅडम केक घेऊन आत आल्या. ऑफिसचा रिवाजच होता. ज्याचा वाढदिवस तो असेल तिथे गाठायचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवत गाणं म्हटलं. केकवर वैजनाथचं नाव होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात एक जून होता. मागच्या पडद्यावर टॉवर.

वैजनाथच्या हातातली सुरी हवेतच राहिली. त्याला घरी ओवाळायचे ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. एक जून ही फक्त दाखल्यावरून अर्जावर उतरवायची गोष्ट. तिचा आणि आपल्या जन्माचा काही संबंध असेल, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

तनयाने पडद्याकडे पाहिलं, केककडे पाहिलं. "अभिनंदन, वैजनाथ. तुझ्याच अहवालाप्रमाणे तू अस्तित्वात नाहीस. केक मी खाल्ला तर चालेल?"

सलिल सर हसले नाहीत. "तुझ्या शाळेच्या दाखल्यावर ही तारीख कुणी लिहिली?"

"आमच्या गुरुजींनी. म्हणजे... वडिलांनीच, सर."

"लाव फोन. स्पीकरवर."

"काय करायलास रे, वैजा?" गुरुजींचा वर्गातला आवाज टेबलावर आदळला.

"गुरुजी, तुम्ही शाळेत सगळ्यांची तारीख एक जूनच का लिहायचात?"

"मग काय लिहू? आया सांगायच्या, ज्या साली विहिरीला पाणी लागलं त्या साली झाला. आता विहिरीची तारीख कुठून आणू? जूनला शाळा उघडते, तवा पोराचं वय भरलेलं पाहिजे. एक जून लिहिला की भरलं! गाव जन्माला घातलाय मी, लेका. तुझ्या सायबांची कोणती?"

सलिल सर पुटपुटले, "एक जून. चाकूर, जिल्हा परिषद शाळा."

हेमा मॅडमनी निमूटपणे केकवर आणखी एक मेणबत्ती खोचली. मग मात्र अशी हशाची लाट उठली की बाहेरचे लोक काचेला नाकं लावून बघायला लागले.

"सर, रजा?" वैजनाथने हळूच विचारलं.

"काल्पनिक माणसाला रजा देता येत नाही. आधी सगळ्यांना परत आण. तारीख अंदाजाची आहे अशी खूण कर, पण माणसं ठेव."

संध्याकाळपर्यंत वैजनाथने टॉवर पुन्हा उभा केला. सरांनी तो दोनदा तपासला आणि सही ठोकली. तनयाने आपल्या नोट्स त्याच्या टेबलावर टाकल्या. "परत करायच्या आहेत. तू आता खरा आहेस, तेव्हा शोधून काढेन."

खाली उतरताउतरताच त्याने फोन लावला. "गुरुजी, रजा मिळाली! सोळा तारखेपासून."

"शाळाबी तवाच उघडती. मुहूर्त चांगला हाय," गुरुजी म्हणाले. "आता पास हो. नाहीतर दाखल्यावर लहान करून परत पहिलीत बसवीन."