बिबट्या कंटाळून गेला

बहिरू कोतवालाने चाळीस वर्षं गावात दवंडी दिली. आधी डफावर थाप, मग मिशीला पीळ, मग बातमी. नळाला पाणी कधी, तलाठी येणार कधी, कुणाची म्हैस सापडली, सगळं जगाला त्याच्या तोंडून कळायचं. मग ग्रामपंचायतीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला आणि बहिरूचं तोंड निवृत्त झालं. उरलेल्या बहिरूने काय करायचं, ते कुणीच सांगितलं नाही. बोललेलं सगळं वाऱ्यावर गेलं, हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो लिहायला बसला.

वही त्याने दोनदा आणली. दोन्ही वह्या उंदरांनी वाचून संपवल्या. पण निफाडकडचं गाव, द्राक्षांच्या रिकाम्या खोक्यांना काय तोटा! त्याने पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, भोकं पाडली, सुतळीत ओवल्या. एका पट्टीवर एक घटना. विहीर कोणत्या साली आटली, कोणाच्या लग्नात वरण कमी पडलं. माळा पडवीत लटकायच्या आणि वारा आला की गावाचा भूतकाळ एकमेकांवर आपटून खडखडायचा.

वाचनालयातली निकिता एकदा त्या बघून थबकली. "बाबा, दोन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये एक इतिहासकार असाच बांबूच्या पट्ट्यांवर लिहायचा. सिमा चिएन."

"बाई व्हती?"

"पुरुष. सिमा हे आडनाव. त्याचा बापही दरबारात हेच काम करायचा. मरताना त्याने पोराकडून शब्द घेतला, की माझं राहिलेलं तू लिही. पुढे राजाची मर्जी फिरली. राजा म्हणाला, मरण घे, नाहीतर..." निकिताने नजर माळांकडे वळवली. "नाहीतर पुरुषपण कापून दे. ग्रंथ अर्धा होता. त्याने दुसरं पत्करलं."

बहिरूने नकळत पायावर पाय टाकला. पण त्या दिवसापासून सिमा त्याच्या मनात मुक्कामाला आला. कारण त्याच्याही बापाने मरताना शब्द घेतला होता. "पुंजा पाटलानं बिबट्या नाय मारला. पाटील चिंचेवर व्हता, दोन दिवस. बिबट्या कंटाळून गेला. मी बघितलंय. कुठंतरी लिवून ठेव."

ती पट्टी लिहून माळेत कधीच गेली होती. आणि यंदा यात्रेला गावाच्या नव्या कमानीचं उद्घाटन होतं. कमानीवर सिमेंटचा पुंजा पाटील, त्याच्या पायाखाली सिमेंटचा बिबट्या, आणि खाली माइकवर बहिरू गावाचा इतिहास वाचणार, असं ठरलेलं. सरपंच हिरामण म्हणजे पुंजा पाटलाचा सख्खा नातू. आठवडाभर आधी तो माळा चाळायला आला आणि त्या पट्टीपाशी त्याचे ओठ हलायचे थांबले.

"तात्या, हे काय? कंटाळून गेला?"

"गेला म्हणून गेला लिवलं."

"अवो, सिमेंट वाळलंय आता! 'मारला' लिवा. एका शब्दाचा तर प्रश्न हाय."

"एकच शब्द हाय, म्हणून तर बदलत नाय."

हिरामणचा आवाज चढला. पारावरची माणसं गोळा झाली. "गावची रीत हाय, तात्या. पाटलाच्या नावाला बट्टा लावला, तर शब्द मागं घ्यायचा, नायतर मिशी उतरवायची. मिशी उतरवा, मग खुशाल वाचा!" तो निर्धास्त हसला. बहिरूच्या मिशीला रोज सकाळी खोबरेल लागायचं. ती गेली तर खाली माणूस उरेल का, याची गावालाच शंका होती.

चार दिवस बहिरू जेवला नाही धड. आरशात बघायचा आणि पुटपुटायचा, "सिमानं काय केलं असतं? सिमाला किती सोसावं लागलं!"

त्याच्या बायकोने, नवसाबाईने, पाचव्या दिवशी लाटणं खाली ठेवलं. "कोण ही सीमा?"

"अगं, चीनची."

"सटाण्याची नाय, मालेगावची नाय, थेट चीनची! या वयात?"

"बाप्या हाय तो! आडनाव हाय!" आणि बहिरूने सगळं सांगितलं, कापण्यासकट.

नवसाबाईने लाटणं पुन्हा उचललं. मग म्हणाली, "आन तुमी मिशीवर अडलाय व्हय?"

यात्रेच्या सकाळी बुधाच्या सलूनपुढे गर्दी जमली. वस्तरा फिरला. वरचा ओठ पन्नास वर्षांनी उजेडात आला, पांढराफटक, उघडा पडल्यासारखा. नवसाबाई पदर तोंडात कोंबून हसली. हिरामण मात्र हसला नाही. त्याला हे अपेक्षितच नव्हतं.

बहिरू कमानीखाली उभा राहिला. डफ वाजवला, सवयीने हात वर नेला, हवेलाच पीळ दिला आणि वाचलं, "पुंजा पाटील चिंचेवर दोन दिवस बसले. बिबट्या कंटाळून गेला."

सगळं गाव हिरामणकडे बघू लागलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून काठी आपटल्याचा आवाज आला. हिरामणची आत्या चंद्रभागा, पुंजा पाटलाची लेक, नव्वदीची. ती उठून उभी राहिली.

"खोटं हाय!"

हिरामणचा चेहरा उजळला. "सांग आत्या, सांग सगळ्यांना!"

"दोन नाय, तीन दिवस! मीच माडीवरनं भाकर द्यायची बांबूला बांधून. तिसऱ्या दिवशी बा झाडावरनं वरडला, ठेचा का नाय आणला म्हणून. त्या आवाजानं बिबट्या गेला. कंटाळून कशाचा! वैतागून गेला!"

हशाने मांडव हलला. शेवटी हिरामणलाही आवरेना. सिमेंटच्या आजोबाकडे बघून तो डोळे पुसत राहिला.

बहिरू तेवढा हसत नव्हता. एका चुकीच्या वाक्यासाठी त्याने मिशी दिली होती. बापाने दोन दिवस सांगितले होते. तिसऱ्या दिवशी बाप बहुतेक घरी जेवायला गेला असेल. त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि माइक चालूच असताना म्हणाला, "चंद्रभागाबाई, ठेचा हिरव्या मिरचीचा का लाल?"